शोपियाँच्या अंबरीची खरी हकिकत

आमच्या काश्मीरच्या प्रवासाची एक हकिकत नागपुरात सक्करदऱ्याच्या वाचनालयात सध्या रोज सांगितली जात आहे. सांगणारे माझे मेहुणे शंकरराव. माणूस गोष्टीवेल्हाळ, आवाज भरदार, आणि ऐकणारे सगळे निवृत्त. त्यामुळे ती हकिकत दर आठवड्याला थोडी वाढते आणि कोणाचेच काही बिघडत नाही. बिघडते ते फक्त सत्याचे. त्या प्रवासात मी होतो, पैज मी लावली होती आणि फळ मी चाखले होते. तेव्हा झाले काय, हे लिहिण्याचा अधिकार माझाच आहे, असे मी शंकररावांना कळवले. ते म्हणाले, "लिहा ना, भाऊजी. तुमाले कोन अडवून राहिलं?" या उत्तरात अडवण्याची इच्छा पुरेपूर होती, हे मी ओळखले आणि त्याच संध्याकाळी दौत उघडली.

कोजागरी, नागपूर

आमचा संत्र्यांचा बगीचा काटोलच्या वाटेवर आहे. मी स्वतः आता मुलाकडे प्रतापनगरात राहतो. तिथे अजून घरांपेक्षा बाभळी जास्त आहेत, ही त्या जागेची मला आवडणारी गोष्ट. आमच्या भागातले बागाईतदार दरवर्षी हिवाळा सरताना संत्र्यांचे प्रदर्शन भरवतात. त्यात चवीचा परीक्षक म्हणून मी गेली बावीस वर्षे बसतो. नंबर घातलेल्या बशा समोर येतात, मी एकेक फोड तोंडात टाकतो, आणि माझ्या शब्दावर बक्षीस ठरते. त्या खुर्चीला हात आहेत. इतर पंचांच्या खुर्च्यांना नाहीत. शंकरराव त्या प्रदर्शनाचे चिटणीस. एरवी लकडगंजात त्यांची लाकडाची वखार आहे.

त्या रात्री त्यांच्याकडे दुधाला आम्ही जमलो असता त्यांनी मोठ्या कौतुकाने डिलिशस जातीची सफरचंदे कापली. मी एक फोड खाल्ली आणि म्हटले की हा लाल कापडात गुंडाळलेला कापूस आहे. सफरचंद म्हणजे अंबरी. तीस वर्षांपूर्वीच्या माघात, मी विषमज्वरातून उठत असताना ती खाल्ली होती. सीताबर्डीवर एका काश्मिरी फळवाल्याकडून मी स्वतः नाकाने पारखून डझनभर आणली होती. एक कापली की शेजारच्या घरात कळत असे.

"तीस वर्षं झाले आम्ही हे ऐकून राहिलो," शंकरराव म्हणाले. "ते सफरचंद दरवर्षी थोडं मोठं होते. अन् भाऊजी, तुम्ही तापातून उठले होते. तापातून उठलेल्या मानसाले दोडकाबी गोड लागते."

माझ्या जिभेबद्दल असे बोलणे माझ्या बगीच्यात कोणी केले नसते. मी तिथेच जाहीर केले की अंबरी मी शोधून काढीन, शंकररावांना दाखवून खाईन, आणि ती मी सांगतो तशी नसेल तर परीक्षकाची खुर्ची सोडून देईन.

"लिहून देता?"

मी लिहून दिले. माझी पत्नी यमुना तेव्हा आत कपबशा विसळत होती. त्या नेहमीपेक्षा जोरात वाजल्या, असे मला आता आठवते. तेव्हा मी तिकडे लक्ष दिले नाही.

बनिहालच्या अलीकडे

रेल्वे आता जम्मूपर्यंत जाते. आमच्या तरुणपणी हे सुख नव्हते, म्हणून मी ते कौतुकाने भोगले. शंकररावांनी ते झोपेत भोगले. पुढे मोटार. डोंगराचा रस्ता डोक्याला गुंडाळलेल्या पागोट्यासारखा वर चढतो, आणि प्रत्येक वळणाला ड्रायव्हर मागे वळून प्रवाशांशी बोलतो. सोबत मी आपल्या बगीच्यातली आंबिया बहाराची, म्हणजे दिवाळीच्या सुमारास उतरणारी, टोपलीभर संत्री घेतली होती. दुसऱ्याच्या बगीच्यात रिकाम्या हाताने जाण्याची आमच्याकडे पद्धत नाही.

टोपलीचे जे झाले त्यावर मतभेद आहेत. शंकरराव वाचनालयात सांगतात की मी टोपली त्यांच्या जागेवर ठेवली. वस्तुस्थिती अशी की जागेवर टोपली आधीपासून होती आणि शंकरराव चहा पिऊन नंतर आले. बनिहालचा बोगदा संपेपर्यंत ते टोपलीवर होते. अंधारात हे कोणाच्या ध्यानात आले नाही. उजेडात आल्यावर सगळ्या मोटारीला आले. त्यांच्या धोतराला श्रीनगरपर्यंत जो सुगंध येत होता तो अस्सल नागपुरी होता, एवढे मी अभिमानाने म्हणू शकतो. सतरा संत्री धड वाचली.

श्रीनगर

इथले सरोवर पाहिले. सक्करदऱ्याचा तलाव लहान आहे हे मी मान्य करतो. पण तिथे काठावर बसलेल्या माणसाला दर पाच मिनिटांनी कोणी शाल विकायला येत नाही, हेही लिहून ठेवले पाहिजे.

चहा इथे मीठ घालून पितात आणि तो गुलाबी असतो. मी पहिला पेला सभ्यतेने संपवला. त्याबरोबर तंदुरातली गरम रोटी मिळते, ती मात्र उत्तम. तिच्यासाठी मी दुसरा पेलाही सहन केला. शंकररावांनी आपला पेला माझ्याकडे सरकवून, "तुमची जीभ पारखी हाये ना भाऊजी, पारखा," असे म्हटले.

बाजारात सगळीकडे डिलिशसच. अंबरीचे नाव काढले की फळवाले हसत. एक म्हणाला, "अंबरी? वो तो बूढ़ों का सेब है, साहब."

"मग गिऱ्हाईक बरोबर आलं," शंकरराव मला मराठीत म्हणाले.

त्याच फळवाल्याने अखेर सांगितले की शोपियाँजवळ अहदजू नावाचा एक म्हातारा आहे. मुलांनी त्याची निम्मी अंबरी तोडून डिलिशस लावली, आणि राहिलेल्या झाडांना हात लावला तर घर सोडीन असे तो म्हणतो. मला तो मनुष्य न पाहताच आवडला.

शोपियाँ

ऑक्टोबरात तिथे झाडांची पाने पिवळी पडू लागतात आणि उन्हाला ऊब नसते, नुसता रंग असतो. बगीच्यात शिरताच मला एक गोष्ट खटकली: माणसे फळे तोडत होती, पण खात कोणीच नव्हते. आमच्या बगीच्यात पाहुणा आला की त्याला झाडाकडे बोट दाखवतात. तोड, सोल, पोट भरेपर्यंत खा. घरी न्यायचे म्हणशील तर मग बोलू. फळाची खरी परीक्षा त्याच्या झाडाखालीच होते, हे मी बावीस वर्षे सांगत आलो आहे.

अहदजू माझ्याहून वयाने मोठा, ताठ, पायघोळ लोकरी झग्यातला. त्याने आम्हाला आधी जेवायला बसवले. भात, पालेभाजी, आणि एका वाडग्यात वांगी. वांगे पाहून आम्ही दोघेही सुखावलो. विदर्भाचा माणूस वांगे पाहिले की घरी आला. पण त्या रश्शात वांग्याच्या शेजारी सफरचंदाच्या फोडी शिजवलेल्या होत्या. शंकररावांनी वाडगा थोडा फिरवला आणि हळूच म्हणाले, "भाऊजी, हे कोनी केलं याच्यासंगं?" वांग्याची बाजू घेऊन ते प्रथमच माझ्याशी सहमत होते. खाल्ल्यावर मात्र आम्ही दोघांनीही दुसऱ्यांदा मागितले. शंकरराव हा भाग सांगत नाहीत.

जेवण झाल्यावर मी संत्री दिली. अहदजूने एक सोलले, साल हुंगून खिशात ठेवली, आणि फोडी एकेक करून, डोळे मिटून खाल्ल्या. परीक्षक कसा खातो ते मला कळते. तो तसा खात होता.

"कब तोड़ा था?" त्याने विचारले.

मी सांगितले, आठ दिवस झाले.

"तो रास्ते में मीठा हुआ होगा."

मी त्याला समजावले की नाही. संत्रे झाडावरून उतरले की त्याची गोडी जिथे असेल तिथेच थांबते. म्हणून तर कच्चे तोडणारा आमच्यात गुन्हेगार समजला जातो.

त्याने हातातल्या फोडीकडे दयेने पाहिले. "तो बेचारे को रास्ते में कोई काम ही नहीं."

हे मला चमत्कारिक वाटले आणि मी ते सोडून दिले. एवढ्या लांब येऊन जो शिकवणी ऐकतो आणि लक्ष देत नाही, त्याला काय म्हणावे हे वाचकांनी ठरवावे. मी ठरवले आहे, पण ते पुढे येईल.

मग आम्ही अंबरीच्या झाडांकडे गेलो. फळ लांबट, फिक्या अंगावर लाल रेघा, देठाशी हिरवट. मी ओळखले. तीस वर्षांनी ओळखले. अहदजू मागून काही म्हणत होता. मी हात वर करून फळ तोडले, धोतराच्या सोग्याला पुसले आणि शंकररावांच्या डोळ्यांत पाहून चावा घेतला.

दात आत गेला. बाकी काही झाले नाही. कठीण, कोरडे, तोंडात पिठासारखे चिकटणारे. गोडी दुरून हाक मारावी तितकी, सुगंध नाही. मी दुसरे झाड पाहिले, उन्हाच्या बाजूचे फळ घेतले. तेच. तिसरे घेतले तेव्हा शंकररावांनी माझ्या हातातून एक घेऊन स्वतः खाल्ले. ते बराच वेळ चावत होते.

"भाऊजी," ते अखेर म्हणाले, "फळातलं तुमाले कळते. मले लाकडातलं कळते. हे मी वखारीत इकतो."

अहदजू हसला नाही. "साहब, मैं बोल रहा था. अभी नहीं. अंबरी अभी सोई नहीं है. घास में सुलाओ. चिल्ले कलाँ गुजर जाए, तब जगाना." चिल्ले कलाँ म्हणजे त्यांच्याकडचे कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, ते जानेवारीअखेर संपतात.

मी त्याला, शक्य तितक्या आदराने, सांगितले की मी बावीस वर्षे फळांचा परीक्षक आहे. जे झाडावर गोड नाही ते गवतात झोपवून गोड होत नाही. आणि माल खपवण्यासाठी अशा गोष्टी आमच्याकडचे दलालही सांगतात. शेवटचे वाक्य मी बोललो नसतो तर बरे झाले असते. लाकडी पेटीत भाताचे गवत पसरून त्याने स्वतःच्या हाताने अंबरी रचली, वर पुन्हा गवत, झाकणाला खिळे. पेटीकडे बोट दाखवून तो म्हणाला, "यह मेहमान का है. बेचा नहीं है."

दलाल म्हणवून घेतलेल्या माणसाने भेट म्हणून दिलेली पेटी उचलताना ती किती जड लागते, याचा अनुभव मी कोणाला घ्यायला सांगणार नाही. पेटी मात्र शंकररावांनी उचलली. लाकूड कोणते हे त्यांना पाहायचे होते.

पुन्हा नागपूर

दिवाळीच्या आत शंकररावांनी वाचनालयात सगळे सांगून टाकले होते. फराळाला आलेल्या मंडळींसमोर पेटी उघडून एक अंबरी कापण्यात आली. मंडळींनी सभ्यपणे चावली. एकाने विचारले, याची भाजी होते का. मी म्हटले, होते, वांग्याबरोबर. आणि ते हसले, कारण त्यांना वाटले मी विनोद करतो आहे.

दुसऱ्या दिवशी मी राजीनामा लिहिला. शब्द दिला होता. कागद लिहिताना खुर्चीचे लाकडी हात सारखे डोळ्यांसमोर येत होते, हे मी नाकारत नाही. प्रदर्शन फेब्रुवारीत आहे, तेव्हा पाहू, असे म्हणून शंकररावांनी कागद खिशात ठेवला. त्यात दया होती, आणि दया मला त्या वेळी मीठ घातलेल्या चहासारखी लागली.

पेटी मी यमुनेला बाहेर टाकायला सांगितली. ती म्हणाली, "हाव," म्हणजे आमच्याकडचे 'हो'. तीस वर्षांपूर्वीही ती "हाव" म्हणाली होती, हे मला ठाऊक नव्हते.

संक्रांत होऊन पंधरा दिवस झाले असतील. सकाळी पूजा आटोपून मी वर्तमानपत्र घेऊन बसलो आणि मला तो वास आला. तीस वर्षांत एकदाही विसरलो नव्हतो तो. मी चष्मा काढला. स्वयंपाकघरात यमुना पाटावर बसून सफरचंद कापत होती, आणि शेजारी तांदळाच्या कोठीचे झाकण उघडे होते.

फळाचा रंग बदलला होता. हिरवे गेले होते आणि साल मेण लावल्यासारखी झाली होती. मी फोड तोंडात टाकली. त्याबद्दल मी अधिक लिहिणार नाही. लिहिले तर शंकरराव म्हणतील की ते आणखी मोठे झाले.

"हे कुठून आलं?" मी विचारले.

"कोठीतून. तुम्हीच तर आनले."

"मी टाकायला सांगितले होते."

"अजी, तेव्हाबी तुम्ही हेच सांगतलं होतं." ती सुरी पुसत होती. "मार्गशीर्षात बर्डीवरून बारा आनले. एक चावलं, अन् म्हनलं, फसवलं त्यानं, फेकून दे. मग तुम्ही तापानं पडले. मी काहून फेकू? चांगली वस्तू. तांदळात ठेवले. माघात तुमच्या तोंडाले चव नव्हती म्हनून काढले."

"मग इतकी वर्षे बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगत असता तवा मधात कोन बोलते?"

इथे तिच्या आणि माझ्या हकिकतीत फरक आहे, आणि माझ्या स्वभावाप्रमाणे मी दोन दिवस तो शोधत होतो. फळवाला आठवतो. नाकाने पारखणे आठवते. एक चावल्याचे आठवत नाही. पण चावून फेकणे हे मी शोपियाँतही केले, दिवाळीतही केले. तिसऱ्यांदा केले नसेल असे शपथेवर सांगायला माझ्याजवळ आधार नाही. संत्र्याच्या माणसाने अंबरीला झाडाखाली उभे करून जाब विचारला, आणि तिचे काम अजून सुरूही झाले नव्हते.

शंकरराव त्याच संध्याकाळी आले. दारातच थांबले.

"घरात अत्तर कायचं?"

यमुनेने त्यांच्यापुढे बशी ठेवली. त्यांनी एक फोड खाल्ली, मग दुसरी, मग बशी जवळ ओढली. वखारीबद्दल काही बोलले नाहीत. खिशातून माझा राजीनामा काढला, चार तुकडे केले आणि म्हणाले, "हारलो, भाऊजी."

तेव्हापासून वाचनालयात जी हकिकत सांगितली जाते ती अशी: भाऊजींनी तीस वर्षांपूर्वी एक चव जिभेवर ठेवली, सगळे हसले, पण ती जीभ केसभरही चुकली नाही. पुढच्या प्रदर्शनात त्यांचा नारळ देऊन सत्कार करावा, असेही मंडळींनी ठरवले आहे.

ही हकिकत खोटी आहे. माझ्याविरुद्ध सांगितलेल्या गोष्टींचा मी आयुष्यभर प्रतिवाद केला. माझ्या बाजूने सांगितलेली खोटी गोष्ट मी सोडून द्यावी असे कोठे लिहिलेले नाही. फळ मी सांगितले तसेच होते. एवढ्यापुरती पैज मी जिंकलो. पण त्या फळाची परीक्षा माझ्यापुढे तीनदा आली आणि तीनदा मी त्याला नापास केले. असा मनुष्य हात असलेल्या खुर्चीवर बसू शकत नाही. राजीनामा मी नव्याने लिहून, या वेळी टपालाने, पाठवला आहे. अहदजूलाही पत्र टाकले आहे. त्यात 'दलाल' हा शब्द मी नावानिशी परत घेतला आहे.

एक गोष्ट राहिली. त्या दिवशी शंकरराव गेल्यावर मी यमुनेला विचारले की तीस वर्षांपूर्वी तिला त्यातली कोणती फोड आवडली होती.

"मले कुठली फोड? अकरा राहिले होते. तुम्ही आजारी. एकेक करून तुमालेच दिले."

बशीत शेवटची फोड होती. मी ती तिच्यापुढे केली. तिने ती सावकाश खाल्ली, खिडकीबाहेर पाहत. मी वाट पाहत होतो. बावीस वर्षे बागाईतदार माझ्यापुढे कसे उभे राहत असतील, ते मला तेव्हा कळले.

"चांगलं हाये," ती म्हणाली. "पन अजून आठ दिवस ठेवा लागत होतं."

कोठीत चार उरली होती. आम्ही आठ दिवस थांबलो. तिचे बरोबर होते.